पुढच्या सीटचं बकल

सोमवार, ८ सप्टेंबर

अंगठा लाल झालाय. सीटबेल्टची बकलं दाबून दाबून!

सकाळी ऑफिसातल्या चष्मेवाल्या क्लार्कने चहा ढवळता ढवळता सांगितलं — "बाई, तुमच्या स्कूलबसच्या कंपनीची नोटीस आलीय. बेल्टची बकलं सदोष निघाली म्हणे. आतली स्प्रिंग अडकते, बटण दाबलं तरी सुटत नाही. वर्कशॉपला बस नेली की फुकट बदलून देतील." आणि पुन्हा चहा ढवळायला लागला.

मुलांना सोडलं आणि रिकाम्या बसमध्ये एकेका सीटवर बसून पाहिलं. काही सुटली, काही अडली. पुढच्या सीटचं तर दोन्ही अंगठे लावले तेव्हा कुठे सुटलं. मी दिवसभर स्टिअरिंग ओढणारी बाई! माझी ही गत, तर पहिली-दुसरीतल्या चिमुकल्या बोटांचं काय?

तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. "आजवर एका तरी मुलाने तक्रार केली का? नाही ना? मग सुट्टीत बघू."

खरंच की. एकानेही तक्रार का केली नाही? हे काही केल्या कळेना.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कळलं! कपाळावर हात मारून घेतला.

मुलांना चढवायला-उतरवायला माझ्या बसमध्ये माझी नणंदच आहे. वयाने माझ्याहून लहान, पण वन्सं त्या वन्सं. मुलांची मावशी. एरवी बस थांबली की माझं लक्ष फाटकाकडे, रस्त्याकडे. आज मुद्दाम आरशात बघत बसले. वन्सं ओरडल्या, "मासोळी व्हाऽऽ!" — आणि अख्खी बस खाली सरकली! पोरांनी पट्टा ओढून सैल केला, हात वर, पोट आत, आणि सुळकन पट्ट्याखालून बाहेर. बकलाला कुणी बोट लावलं असेल तर शपथ! सगळ्यांचे शर्ट गळ्याशी गोळा. आणि मी आजवर त्यांच्या आयांना नावं ठेवत होते — साधी इस्त्री येत नाही म्हणून.

"वन्सं, हे काय चाललंय?"

"अगं वहिनी, बकलं अडतात ना! एकेकाचं सोडवत बसले तर पहिला तास बुडेल. मग मीच शिकवलं. किती पटापट उतरतात बघ!" वर कौतुकाची अपेक्षा!

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू बसच उभी केली असतीस."

हे मात्र खरं आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

प्लास्टरवाली डोक्यातून जात नाही.

दुसरीतली पोर. झाडावरून पडली, पाय मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टरमध्ये. तिला कुठली मासोळी जमणार! म्हणून ती पुढच्या सीटवर बसते, आणि वन्सं तिचं बकल पाण्याच्या बाटलीने ठोकून सोडवतात. तिला त्याचीही गंमत. "मावशी, माझं कुलूप उघडा!" काल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं. आज नाही आलं.

उद्या गाडीला काही झालं आणि वन्सं मागे असल्या तर? बाकीची सटकतील. ही तिथेच राहील, पट्ट्यात अडकून. जेवताना यांना सांगितलं तर म्हणाले, "उगाच वाईट चिंतू नये." मी चिंततेय होय! बकल अडतंय, मी नाही!

गुरुवार, ११ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखतंय.

सकाळची फेरी झाली आणि बसची किल्ली मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बकलं बदलेपर्यंत मी ही बस चालवणार नाही. भडकल्या. "राईचा पर्वत करू नका!" म्हटलं, पर्वत राहू दे बाजूला, बाई, एकदा येऊन बसा तर खरं. आल्या तणतणत. पुढच्या सीटवर बसल्या, ऐटीत बकल लावलं. टक्! बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. बाई बसमध्येच! वन्सं अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाई, हात वर करा आणि पोट आत घ्या." मी तोंडात रुमालाचा बोळा कोंबला. बाईंचं खातंपितं शरीर — त्यांची कसली मासोळी होतेय! क्लार्क कात्री घेऊन धावत आला, "पट्टा कापू का?" शेवटी वन्संची बाटलीच कामाला आली.

बाई लालबुंद होऊन उतरल्या. कपडे सारखे केले. म्हणाल्या, "आजच न्या बस." मग दोन पावलं जाऊन थांबल्या, हळू आवाजात विचारलं, "ती प्लास्टरवाली रोज इथेच बसते?"

मी हो म्हटलं. बाईंनी स्वतः किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

सोमवार, १५ सप्टेंबर

बस वर्कशॉपमध्ये उभी आहे. बकलं अजून कंपनीकडून यायचीत. मेकॅनिकचं नाव मी उद्याराव ठेवलंय. कधीही विचारा — "उद्या येतील, बाई." तोवर दुसऱ्या बसला दोन फेऱ्या माराव्या लागतात. तिचा ड्रायव्हर माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतो. बघू दे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

"उद्या."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आली!! आणि बसलीसुद्धा!

दिवसभर उद्यारावांच्या मानेवर बसले. त्यांनी एक बकल बसवलं की मी ते लावून, दाबून बघायचं. तेही करंगळीने! शेवटी वैतागले बिचारे. "बाई, माझ्यावर विश्वास नाही का?" म्हटलं, "आहे ना. उद्यापासून."

तेसुद्धा हसले. घरी आले आणि पलंगावर अंग टाकलं. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! वन्सं डोकावून म्हणाल्या, "झालं का तुझं समाधान?" झालं. अगदी झालं.

सोमवार, २२ सप्टेंबर

प्लास्टरवालीला नवं बकल दाखवलं. एका बोटाने टक्! तिने उघडलं, लावलं, उघडलं, लावलं... शाळा येईपर्यंत नुसतं टक् टक्. शेवटी मीच ओरडले — बस चालू असताना बेल्ट लावलेलाच पाहिजे! वन्संची बाटली कामावरून गेली म्हणून पोर जरा हिरमुसलीही.

बाकीच्या वानरसेनेला ताकीद दिली. मासोळी आजपासून बंद! बटण दाबायचं आणि माणसासारखं उतरायचं! "होऽऽऽ!" म्हणाली सगळी, एका सुरात.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सगळी सुखरूप आहेत. आधी हेच लिहिते. सगळीच्या सगळी सुखरूप!

शाळेकडे जाताना, फाटकाआधीच्या चढावर, डॅशबोर्डखालून जळका वास आला. पाठोपाठ धूर. बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, ओरडले — "मागून उतरा! मागून!" वन्सं धावल्या, मागचं इमर्जन्सी दार उघडलं. माझ्या पाठीशी लोखंडी जाळी, आत जाता येत नाही. माझ्या दारातून उडी मारली आणि बसला वळसा घालून पळत सुटले. एवढंसं अंतर, पण संपेचना! डोळ्यांपुढे एकच — पुढची सीट. सगळा धूर तिथेच होता.

मागे पोचले तर पोरं धपाधप उतरतायत, वन्सं झेलतायत. आणि सगळ्यांच्या शेवटी धुरातून आली प्लास्टरवाली. बुडावर सरकत, प्लास्टरचा पाय पुढे, खोकत! वन्संनी तिला उचललं. मी दोघींना मिठी मारली आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडले. "काकू, मी आपली आपण आले," ती मलाच समजावत होती.

एक वायर जळाली होती, बस्स. आग विझवायच्या सिलेंडरचा फवारा मारला, विझली. मुख्याध्यापिका बाई धावत आल्या, देवाचे आभार मानायला लागल्या. म्हटलं, देवाचे मानाच, पण थोडे नव्या बकलांचेही माना! ती होती म्हणून सगळी पोरं पटापट सुटली. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

उद्यारावांचा वर्कशॉपमधून फोन. "बाई, मुलं उतरली तरी कशी? सगळे पट्टे सैल आहेत, पण बकलं लावलेलीच आहेत!"

मेल्या मासोळ्या!

"एकच तेवढं उघडं आहे," ते म्हणाले. "पुढच्या सीटचं."