विदोयेचा पट्टा

११ मार्च

आज विदोयेचा चाळिसावा दिवस झाला. कबरीवर मेणबत्त्या लावल्या, शिजवलेले गोड गहू वाटले, रकिया दारूचे चार थेंब मातीत सांडले. नणंद मिलुंका येईल त्याला सांगत होती — "दादानं गाडीत पट्टा लावलाच नसणार. पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवायचा नि त्यावर रेलून बसायचा. घंटी बंद, कटकट बंद."

तसंच करायचा. आमच्या उझित्से शहरात निम्मी माणसं तसंच करतात. कुणाच्या गाडीत पट्टा लावला तर विचारतात, "का, माझ्या हातावर भरवसा नाही?" आणि त्या दिवशी तर गाडी आमच्या ओग्नेनच्या हातात. हा मुलाच्या शेजारी, मी ह्याच्या मागच्या सीटवर. बर्फावर घसरून गाडी घाटाच्या कठड्यावर गेली म्हणतात. मला काही आठवत नाही.

रडू येत नाही. रागच येतो. बायको जन्मभर फिजिक्स शिकवते, आणि नवरा असा जातो.

१४ मार्च

शाळेत गेले. हात अजून झोळीत, खांद्याचं हाड जुळायचंय. नववीला संवेग. एक अंडं भिंतीवर फेकलं — फुटलं. दुसरं तितक्याच जोरानं, दोघींनी धरलेल्या चादरीवर — शाबूत! वेग तोच, थांबायचं तेवढंच. चादरीनं थांबायला जरा वेळ दिला, म्हणून मार कमी. पट्टा हेच करतो. जरासा ताणतो, वेळ देतो, मार छाती-कंबरेवर वाटून टाकतो. पट्टा नसला तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. पुढे जे आडवं येईल, ते त्याला थांबवतं.

"बाई, तुम्ही लावला होता?" एका मुलीनं विचारलं.

"मागच्या सीटवर कोण लावतं गं?"

"मग वाचलात कशा?"

देवाची कृपा, म्हटलं. फिजिक्सच्या तासाला.

१५ मार्च

ओग्नेन आजही जेवला नाही.

१९ मार्च

नको ते बोलून बसले. "स्वतःपुरता लावलास ना पट्टा? बापाला का नाही लावायला लावलास? तूच घालवलंस त्याला." तो एवढंच म्हणाला — "बरं आई, मीच." कोट उचलला नि गेला. फोन उचलत नाही. एवढा एकच उरलाय मला — आणि तोही घालवला.

२२ मार्च

बेकरीत अग्निशमन दलातला स्लाव्को भेटला. त्या दिवशी घाटात तोच आला होता. म्हणाला, "विदोयेकाकांना काढायला वेळ लागला, बाई. पट्टा कापावा लागला. छातीवर घट्ट बसला होता."

पाव तिथेच विसरून आले.

लावला होता! इतकी वर्षं 'पट्टा लाव' म्हणून मागे लागायचे, ते ऐकलं होतं त्यानं. मग गेला कशानं? पट्टा असून कशानं?

२३ मार्च

ओग्नेन आला. विचारलं, "लावला होता ना त्यानं?" त्यानं होकाराची मान हलवली. "मग मला का बोलू दिलंस?" माझ्या झोळीतल्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांची सीट मागून धक्का बसून पुढे वाकली होती, आई."

गाडी थांबली होती. मी थांबले नव्हते. मला थांबायला वेळ दिला तो विदोयेच्या पाठीनं.