नीताचा कोट

२ नोव्हेंबर, अल मनखूल

प्रागहून येऊन आठवडा झाला. आज ड्रायक्लीन केलेला लोकरी कोट वरच्या मजल्यावरच्या नीताला परत द्यायला गेले. बिल्डिंगमधलं जे कोणी थंडीचं युरोपला जातं, ते तिचाच कोट नेतं. दुबईत राहून असला कोट कोण विकत घेणार? तिने घेतला होता स्वतःसाठी, पण तिचं जाणं राहतच गेलं. आता नवऱ्याची नोकरी गेली. महिनाअखेर ते कायमचे चिपळूणला निघालेत.

हे माहीत असून मी प्रागच्या पिवळ्या झाडांबद्दल बोलत राहिले. का?

तिने कोट घालून पाहिला. मला बाह्या आखूड होत होत्या, तिला अगदी बरोबर.

"मम्मा, द कोट हॅज सीन मोअर ऑफ युरोप दॅन यू," तिची मुलगी म्हणाली.

"एसी सोळावर लावू का? इथेच प्राग," तिचा नवरा म्हणाला. सगळे हसले. मीही.

नीताने कोट काढून नीट घडी केली. "तूच ठेव. पुढच्या वर्षी व्हिएन्नाला लागेल."

व्हिएन्नाचं मी तिला कधी सांगितलं? सांगितलं असणार.

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बाह्या जरा आखूड होतात गं."