डी.ए.मधला जास्तीचा एन

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
शासकीय सरकी संशोधन केंद्र, अकोला.

विषय : डी.एन.ए. हा भत्ता नसल्याबाबत व ना-हरकत दाखला मिळण्याबाबत.
संदर्भ : 'काढलेले डी.एन.ए. सरकारजमा करावे' हे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

अर्जदार सईदा इनायतुल्ला ही आपल्याच केंद्रात संशोधन सहायक असून सरकीच्या कोंबातून डी.एन.ए. काढते. डी.एन.ए. म्हणजे जिवाच्या पेशीतला धागा. बापाचे नाक लेकाला येते ते त्याच्यामुळे. हा धागा सुटा पाहता यावा म्हणून कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेने तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकण्यास बोलावले आहे. आपला दाखला महिनाअखेर न पोचल्यास ती जागा दुसऱ्यास जाईल.

दाखल्याच्या अर्जात तिने "आजवर डी.एन.ए. काढले असून पुढेही काढण्याचा मानस आहे" असे लिहिले. ते बडेबाबू नत्थुजींच्या टेबलावर गेले आणि घात झाला. त्यांनी बोलावून विचारले, "बाई, डी.ए. तं तुमाले भेटूनच राहिला. मंधात हा एन कावून घुसवला?" महागाई भत्ता निराळा आणि हे निराळे, असे तिने परोपरीने सांगितले. "निराळा हाये म्हणूनच तं पकडला," असे म्हणून त्यांनी शेरा मारला की, दोन भत्ते एकदम अनुज्ञेय नाहीत, सबब दाखला रोखावा.

पुढे चौकशीत विचारणा झाली की, डी.एन.ए. आणखी कोणास मिळते. अर्जदाराने खरे तेच सांगितले : सर्वांस मिळते, जन्मतःच, आईबापांकडून निम्मे निम्मे, अधीक्षक साहेबांसही मिळालेले आहे. तेव्हापासून साहेबांच्या नावेही फाईल उघडल्याचे कळते. याचा अर्जदारास खेद आहे, पण फारसा नाही.

आता हे जमा करण्याचे पत्र. ते वाचून अर्जदारास संताप आला आणि रडूही आले. तिचे अब्बा शांतपणे म्हणाले, "जमा कर दे बेटा, और रसीद ले ले."

तो सल्ला मानून, आजवर काढलेले सर्व डी.एन.ए. सोबत जमा केले आहे. बाटलीतल्या स्पिरिटात पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका दिसेल, तेच ते. त्यातला सुटा धागा साहेबांस दिसणार नाही, नत्थुजींना चष्मा पुसूनही दिसणार नाही. अर्जदारालाही तो अजून दिसलेला नाही. तेवढ्यासाठीच तिला जायचे आहे.

तरी पोच आणि दाखला एकाच शिपायाबरोबर पाठवावा.

आपली, अजून तरी नम्र,
सईदा इनायतुल्ला
अकोला, १२ जून १९६३

सोबत : डी.एन.ए., बाटली एक. आवक शिक्का काचेवर जपून मारावा.