टेकडीवरच्या वहीतलं नाव

प्रिय बाबा,

बर्फातून तुमच्या सिग्नेचा नमस्कार.

इथली स्कीची वाट गावकरीच पाडतात. टेकडीवर पेटीत वही असते, पोचलं की तिच्यात नाव लिहायचं. कशाला, ते मला कळत नव्हतं. रविवारी बोटं गारठली होती, म्हणून लिहिलंच नाही.

संध्याकाळी शेजारच्या गुडरुनबाई दारात. "जाताना तुला पाहिलं, मग वहीत नाव कुठंय? अख्खी टेकडी पालथी घातली आम्ही." मागे आणखी तिघं, मिशांवर बर्फ. सगळ्यांना कॉफी पाजली आणि बोलणी खाल्ली.

तेव्हा माझी काळजी नको. तुमचा गुडघा कसा आहे? होडी दुरुस्त झाली का?

दर सोमवारी येणारं तुमचं कार्ड दोन आठवडे आलं नाही. बाबा, नुसतं नाव लिहून पाठवलंत तरी चालेल.

तुमचीच,
सिग्ने