दोन ब्रेकची गाडी

३ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तू बदली होऊन गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तुझा आवाज मी फक्त पप्पांच्या तोंडून ऐकते, आणि ते तुझी नक्कल फार वाईट करतात.

मेडिकल कॉलेजचा अर्ज भरायला बसले आहे. एकतीस तारीख शेवटची. गुण आहेत, प्रवेश परीक्षेत वरचा नंबर आहे, आणि चौथ्या पानावर तो चौकोन आहे: तुम्हाला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? हो की नाही, आणि हो असेल तर खाली अर्ध्या पानात खुलासा. दारू पिऊन गाडी चालवली, दंड भरला, वर्षभर लायसन्स गेलं, साठ तास सार्वजनिक बागेतला कचरा उचलला. अजून किती वेळा तेच उगाळायचं? असा संताप झाला की पेन कागदातून आरपार गेलं. आता अर्जाची नवी प्रत काढावी लागणार. पप्पा म्हणतात, 'नाही'वर खूण कर, कोण बघतंय.

तुझ्याकडे एक काम आहे. एवढ्या मोठ्या वॉर्डाची तू मुख्य सिस्टर, तुझ्या शब्दाला वजन आहे. शाळेच्या सुट्टीत मी तुझ्या वॉर्डात येऊन पट्ट्या गुंडाळायचे, म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे. तेवढंच लिहून एक शिफारसपत्र दे. खुलाशाचा मसुदा सोबत आहे, तोही तुझ्या त्या प्रसिद्ध लाल पेनाने तपासून पाठव. पप्पांना यात ओढू नकोस, ते आधीच तापलेले आहेत.

राग असला तरी लोभ राहू दे.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शिफारस देणार नाही. आधीच सांगते, म्हणजे उरलेलं पत्र तू आशेने वाचणार नाहीस.

मसुदा वाचला. दीड ओळ अपघात, आणि बारा ओळी त्यातून तू काय काय शिकलीस. 'एका पादचाऱ्यास दुखापत झाली.' कोण पादचारी? तो शिंपी आहे. तुझ्या शाळेचे युनिफॉर्म त्यानेच शिवले. स्वतःच्या दुकानासमोर उभा राहून शिवलेले कपडे हँगरला अडकवत होता. त्या दुपारी साडेचारला त्याला माझ्याच वॉर्डात आणला. उजव्या घोट्याचा चुरा झाला होता. बूट मी कापून काढला. गळ्यात टेप तशीच होती, आणि तो सारखा मला विचारत होता, की मशीनचं पायडल मारता येईल ना. तासाभराने कळलं, की हा पराक्रम माझ्या भाचीचा. मला तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सहा आठवडे तो तिथे होता. तुम्ही काय पाठवलंत? एक वकील आणि एक फळांची टोपली.

माझ्या वॉर्डाचा नियम तू पट्ट्या गुंडाळताना डोळ्यांनी पाहिलायस. ज्याने चुकीची गोळी दिली, त्याने स्वतः खाटेपाशी जायचं. आधी आपलं नाव, मग काय केलं ते, मग माफी. कारणं सांगायची नाहीत. अठरा-अठरा वर्षांच्या शिकाऊ पोरी थरथरत जातात, पण जातात. तू दोन वर्षांत एक रस्ता ओलांडून गेली नाहीस, आणि तुला डॉक्टर व्हायचंय? खाटेपाशी जायला घाबरणारी डॉक्टर मला माझ्या वॉर्डात नको.

मसुदा लाल करून परत पाठवते. लोभ आटलेला नाही, पण आत्ता हाताशी सापडत नाही.

आत्या


१५ मार्च

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोरीच्या टेबलावर होतं, वाचलं. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला शिकवू नकोस.

तुला झालंय तरी काय? सख्ख्या भाचीसाठी चार ओळी लिहायला हात जड झाला? परक्या शिंप्याचा एवढा पुळका, आणि घरच्या पोरीला लाल पेन! तिने न विचारता किल्ली उचलली, स्कूलची गाडी ठोकली, तरी मी बाप म्हणून पोटात घातलं. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं, आणि नाक कापलं माझ्याच पोरीने. तेही गिळलं. आता तू जुनी मढी उकरत बसू नकोस.

अर्ज मी भरून देणार आहे, आणि 'नाही'वर खूण मीच करणार. तू कॉलेजला एक अक्षर जरी कळवलंस, तरी तुझा माझा संबंध संपला. लहानपणापासून तुझं हेच. काच कुणीही फोडो, आईपुढे कान धरून मलाच उभं करायचीस.

गुडघ्यांना जप. लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ.

तुझा भाऊ


२४ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

पप्पांनी तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी वाचलं. आपल्या घराण्याचा रोगच आहे हा. न विचारता किल्ली उचलली! पोलिसांपुढे, कोर्टात, तुझ्यापुढे मी हे मुकाट ऐकून घेतलं. आता बास.

स्कूलच्या वर्धापनदिनाचं जेवण होतं, भर दुपारी. मी तीन ग्लास प्यायले, पप्पा त्याच्या दुप्पट. किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली. म्हणाले, तू कमी प्यायलीस, तू चालव. शेजारी मी आहे, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे, घाबरतेस काय. शिकवायच्या गाडीतल्या त्या दुसऱ्या ब्रेकवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. दुसऱ्या वळणाला ते ब्रेकवर पाय ठेवून घोरत होते. गाडी फुटपाथवर चढली तेव्हा जागे झाले. म्हणाले, मी गाडीत नव्हतो, कळलं? नाहीतर स्कूल बंद पडेल. आणि दार उघडून बोळातून निघून गेले. पोलिसांच्या मशीनमध्ये मी एकटीच फुंकत उभी राहिले. चालवत मीच होते, तेही खरंच आहे.

काल शिंप्याकडे गेले. चांगुलपणाने नाही, तुझी जिरवायला. नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं, आणि माफीपर्यंत पोचायच्या आतच रडू फुटलं. त्याने हातातला खडू ठेवला नाही. कोटाच्या बाहीवरची रेघ पुरी केली, मग बसायला सांगितलं. आता तो विजेच्या मोटरवर शिवतो, डाव्या पायाने. टाका पूर्वीसारखा ताब्यात राहत नाही म्हणाला. आणि मग त्याने विचारलं, की तुझ्याबरोबरचा माणूस कधी येणार?

तो जमिनीवर आडवा असताना गाडीतून उतरून जाणारे दोन पाय त्याला दिसले होते. पँटची मोहरी त्याच्याच हातची होती. स्वतःची शिवण शिंप्याला ओळखू येणार नाही होय? कुणाकडे बोलला नाही. जुनं गिऱ्हाईक आहे, आपणहून येईल म्हणून वाट बघत राहिला. पप्पांनी अपघाताच्या आधी शिवायला टाकलेली दुसरी पँट अजून त्याच्याकडे टांगलेली आहे, नावाच्या चिठ्ठीसकट.

घरी येऊन 'हो'वर खूण केली. खुलाशात दारू लिहिली, शिंपी लिहिला, घोटा लिहिला, दोन वर्षं त्याच्याकडे गेले नाही तेही लिहिलं. पप्पांचं नाव लिहिलं नाही. ते त्यांनी सांगायचं. सगळं त्यांना वाचून दाखवलं, पँटचं सांगितलं, आणि अर्ज पोस्टात टाकून आले. प्रवेश बहुतेक हातचा गेला. शिफारस आता नको. राग तुम्हा दोघांवरही आहे, पप्पांवर जास्त.

तुझा लोभ सापडला असेल, तर थोडा इकडे पाठव.

भिंगरी


२८ मार्च

ती. ताई,
सा. न. वि. वि.

पोरीने तुला सगळं लिहिलंच असेल. त्यात खोटं काही नाही.

चार दिवस मी तिच्याशी बोललेलो नाही. अर्जात तिने माझं नाव घातलं असतं, तर तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. घातलं नाही, त्याचाच जास्त राग आला. आधी तिचा, मग ज्याचा यायला हवा त्याचा. डॉक्टर व्हायची राहिली तर माझ्यामुळे राहील, आणि कार्टी तसं एकदाही म्हणत नाही.

दोन वर्षं मी शिकाऊंना शिंप्याच्या गल्लीतून नेत नाही. गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलायला शिकवायला तिच्यासारखी गल्ली नाही, तरी वळसा घालतो. खड्डे आहेत म्हणून सांगतो. परवा एक शिकाऊ बाई म्हणाल्या, सर, मी तिथेच राहते, तिथे एकही खड्डा नाही.

काल आणि आज दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. काचेतून ती पँट दिसते. तोंडात एवढंच येतं, की पँट न्यायला आलोय. तुझ्या त्या पोरी खाटेपाशी जातात, तेव्हा काय म्हणतात गं? आधी नाव, ते त्याला ठाऊक आहे. त्याच्या पुढचं वाक्य लिहून पाठव. लाल पेनाने लिहिलंस तरी चालेल.

लोभाचं नंतर बघू, आधी उत्तर पाठव. दुकान सहाला बंद होतं. उत्तर येईपर्यंत मी रोज पाच वाजता त्या कोपऱ्यावर असेन.

तुझा भाऊ