तीन महिन्यांची साखर

१४ मे २०२५
परवा बुद्धपौर्णिमेची खीर आली विहारातून. डबा न उघडताच शेजारी दिला. ह्यांना मधुमेह झाला तेव्हापासून मीही गोड सोडलंय — एकाने खायचं, दुसऱ्याने बघायचं, हा कसला संसार?
आज हे स्कूटर मंडईतच विसरले आणि चालत घरी आले! वर माझ्यावरच ओरडले, "शर्मिला, चावी तूच लपवलीस!" आता डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

१५ मे
सदाशिव पेठेतल्या नव्या डॉक्टर बाई. उपाशीपोटीच्या साखरेचे जुने रिपोर्ट त्यांनी बाजूला सारले. "तीन महिन्यांची सरासरी काढू." साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर डिमेन्शियाचा धोका वाढतो म्हणे. मी ताठ मानेने म्हटलं, "आमची कायम ताब्यात असते!"

१७ मे
तीन महिन्यांची सरासरी साडेदहा! सातच्या आसपास हवी होती.
ह्यांना विचारलं, तर हसले! "अगं, तपासणीआधी आठवडाभर गोड बंद ठेवायचो. सकाळच्या फिरायच्या ग्रुपात सगळेच करतात." म्हणजे मंडईत भाजीला रोज स्वतः जायची हौस ती ह्यासाठी. जिलबी! आणि मी इथे बिनसाखरेचा चहा ढोसतेय. बाई ठेवली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. जिलबीशी काय भांडू?
लेकीला, अपेक्षाला फोन केला. "आई, मला माहीत होतं गं. बाबांनी शपथ घातली होती." पोटची पोर! घरात मूर्ख एकटी मीच.

१९ मे
बोलत नाही. ताट वाढते, बस.

२ जून
डिमेन्शियाच. डॉक्टर बाई म्हणाल्या, "साखरेमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण हातभार लागला असणार. आता तरी सांभाळा." कोणी सांभाळायचं? मीच! रिक्षात रडले, रागाने. हे विचारतात, "काय झालं? कुठे गेलो होतो आपण?" दगा द्यायचा आणि वर विसरूनही जायचं! मी कोणाला जाब विचारू?

८ फेब्रुवारी २०२६
खालच्या मजल्यावर बारसं होतं. ह्यांनी तिथली जिलबी रुमालात बांधून आणली. दाराकडे बघत माझ्या कानाशी कुजबुजले, "घ्या ना बाई, गरम आहे. फक्त आमच्या शर्मिलाला सांगू नका. फार विश्वास आहे हो तिचा माझ्यावर."
नाही सांगणार, म्हटलं.