गोलकीपरचा राहिलेला हंगाम

टोलीडो, ओहायो
९ ऑगस्ट २०२०

ती. स्व. वसुताईस शशिकांतचा दुरून, पण वाकून नमस्कार.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रागावून सांगतेस, म्हणून पत्र. आम्ही दोघं ठीक आहोत. निशिगंधा दुधाची बाटलीसुद्धा साबणानं धुऊन घरात घेते. मलाही धुतलं असतं, पण मी बाहेरच जात नाही.

मी बीकन्सचा इतिहास लिहायला घेतला आहे. हसू नकोस. टोलीडो बीकन्स, आमच्या गावचा व्यावसायिक सॉकर क्लब, १९७४ ते १९८१. काचकारखान्यात नवा लागलो तेव्हा या गावात मला नावानं हाक मारणारी एकच जागा होती, ती म्हणजे त्यांची तिकीटखिडकी. सामन्याच्या दिवशी मी तिथे फुकट काम करायचो. क्लब बुडाल्यावर कार्यालयातली कपाटं कागदांसकट कचऱ्यात गेली. या वसंतात जुन्या खेळाडूंपैकी दोघं कोविडनं गेले, तेव्हा वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी आमचा गोलकीपर वाउटर हाविंगा कुणाला न सांगता हॉलंडला निघून गेला. बदली गोलकीपरनं पाच गोल खाल्ले, आणि त्याच हिवाळ्यात क्लब बंद पडला. तो तसाही पडणार होता. पण गेली चाळीस वर्षं सगळे हाविंगालाच पळपुटा म्हणतात. तो का गेला हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. आता त्याचा पत्ता मिळाला आहे, तिथल्याच डीमन गावचा, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. तो म्हणतो, फोनवर नाही, समोर बसून सांगेन. जाशील ना?

लोभ तर आहेच, पण या खेपेला थोडे कष्टही असावेत.
तुझा
शशी

*

हूफडॉर्प
२० सप्टेंबर २०२०

चि. शशीस, चेंडूच्या वेडासकट आशीर्वाद.

गेले होते बाबा तुझ्या हाविंगांकडे. तळमजल्यावरचं घर, मागे चादरीएवढी बाग. त्यात टेपनं दीड मीटर मोजून मांडलेल्या दोन खुर्च्या. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, आणि हात एवढे मोठे की कप दिसेना.

तीन तास बोलले. पहिल्या वर्षी तुमच्याकडे मैदानच नव्हतं, बेसबॉलच्या मैदानावर खेळायचे. एका बाजूचा गोल चेंडूफेकीच्या उंचवट्याला लागून असायचा, त्यामुळे अर्धा सामना हे उतारावर उभे. प्रेक्षक विचारायचे, या एकालाच हात लावायची परवानगी का. शर्टांवरचे आकडे बायकांनी घरी शिवलेले, पावसात नऊ नंबरचा सुटून लोंबायचा. शाळेच्या पिवळ्या बसमधून परगावी जायचे, गुडघे हनुवटीला लावून. सगळं वेगळ्या कागदांवर लिहून सोबत जोडलं आहे. तूही त्यांना आठवतोस. ढग आले की तिकीट घेऊ नका, पाऊस येईल, असं गिऱ्हाइकांना सांगणारा खिडकीतला काटकुळा मुलगा. क्लब का बुडाला याचा तुला अजून शोध घ्यायचा आहे होय?

आता माझी तक्रार. कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. साडेचार वाजता उठले. म्हणाले, शेवटच्या हंगामाची गोष्ट मोठी आहे, ती पुढच्या वेळी. गुरुवारी मी मोकळा असतो, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा फोन करा.

चौतीस वर्षं इथे काढल्यावर मला या लोकांच्या रीती ठाऊक नाहीत असं नाही. वीस वर्षं गेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवर बसून, वेळ न ठरवता आलेल्यांना मी स्वतः परत पाठवलं आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला, अमक्या दिवशी नक्की या, एवढं म्हणायला काय जातं? कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी आम्हाला आमंत्रणाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायला शिकवलं नाही. माझा नंबर त्यांच्याकडे आहे. बोलावलं तर जाईन.

निशिगंधाला सांग, तुला एकदा धुऊनच घे.
तुझी
ताई

*

टोलीडो
१५ नोव्हेंबर २०२०

ती. स्व. ताईस अनेक नमस्कार, आणि एक जास्तीचा, त्या उताराबद्दल.

तुझे कागद निशिगंधाला वाचून दाखवले. हसता हसता आवाज बसला माझा. बेसबॉलचा उंचवटा आता पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे.

पण ताई, खरं पुस्तक शेवटच्या पानासाठीच आहे. जुन्या मंडळींना कळवलं आहे की हाविंगा बोलतोय. सगळे वाट बघताहेत. मुद्रकाला जानेवारीत मजकूर द्यायचा आहे. तूच फोन कर ना त्याला. मानपानाचं पुढच्या जन्मी बघू.

तुझ्या रागाला भिऊनही प्रेम करणारा
शशी

*

हूफडॉर्प
२७ डिसेंबर २०२०

चि. शशीस आशीर्वाद.

इथे पुन्हा सगळं बंद. लेक सुमेधानं जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं आहे, त्यामुळे आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. अद्वयची शाळा पडद्यावर. आजीनं मराठीत विचारलं की नातवाचं डचमध्ये उत्तर, आणि लाडू हवा असला की अस्खलित मराठी.

हाविंगांचं म्हणशील, तर शेवटच्या हंगामाबद्दल त्यांना बोलायचं नाही. माणसाची इच्छा नसेल तर उकरू नये. जेवढं आहे तेवढं छाप.

थंडीत डोक्याला टोपी असू दे, आणि आमची आठवण.
ताई

*

टोलीडो
१४ मार्च २०२१

ती. स्व. ताईस नमस्कार.

पुस्तक झालं. एकशेचाळीस प्रती, सगळ्या टपालात पडल्या. दोन तुला पाठवतो आहे, एक तुझी, एक हाविंगाची. ती तूच नेऊन दे.

शेवटच्या पानावर लिहावं लागलं, की अखेरच्या हंगामाबद्दल बोलायला वाउटर हाविंगा यांनी नकार दिला. हे वाक्य माझ्या हातून तीनदा खोडलं गेलं. पण दुसरं काय लिहिणार? आमच्या तेव्हाच्या कॅप्टनचं पत्र आलं. म्हणतो, झालं ना सिद्ध, ज्याच्या मनात काही नसतं तो बोलतो. आणखी चौघांनी तेच लिहिलं. त्याची बाजू ऐकावी म्हणून पुस्तक काढलं, आणि त्याच पुस्तकानं त्याच्यावर शिक्का मारला.

तू प्रयत्न केलास, त्याचे उपकार आहेतच.
शशी

*

हूफडॉर्प
२ मे २०२१

चि. शशीस,

आशीर्वाद देण्याची आज माझी लायकी नाही, तरी घे.

पुस्तक घेऊन गुरुवारी डीमनला गेले. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, यानेके तिचं नाव. मागे खोकी भरलेली. हाविंगा चार फेब्रुवारीला गेले. कोविड. नऊ दिवस रुग्णालयात होते.

तिनं मला नावावरून ओळखलं. स्वयंपाकघरातली त्यांची डायरी दाखवली. ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत दर गुरुवारी दुपारी दोनला पेन्सिलीनं माझं नाव, पुढे प्रश्नचिन्ह. बाकी कुणाला त्यांनी गुरुवार दिला नव्हता. माळ्यावरून एक फाइल काढून ठेवली होती. तिच्यात संघाचा फोटो आणि १९८१ चं विमानाचं तिकीट, बाकी काही नाही. यानेकेला काही ठाऊक नाही. ती विचारायची, तर ते म्हणायचे, ही गोष्ट मी एकदाच सांगणार आहे, त्या बाई नीट लिहून घेतात, तू तेव्हा शेजारी बस.

मग तिनं पुस्तक उघडलं ते शेवटच्या पानावर. वाचलं आणि विचारलं, माझ्या वडिलांनी नकार कधी दिला? या लोकांना आडून विचारता येत नाही.

शशी, त्यांनी नकार दिला नव्हता. मी फोनच केला नाही. सप्टेंबरपासून मी त्यांच्या आमंत्रणाची वाट पाहत बसले, आणि ते माझ्या फोनची. त्यांचा फोन येणार नाही हे मला ठाऊक होतं, हे तुला कळावं. फोन हातात घेऊन दोनदा ठेवून दिला. तू पुन्हा विचारलंस तेव्हा, एका बिस्किटावरून रुसले आहे, हे सांगायची लाज वाटली, म्हणून ते खोटं लिहिलं.

यानेकेला हे सगळं सांगितलं. तिनं दार लावलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला आत घेऊन कॉफी दिली.

वसुधा

*

टोलीडो
२३ मे २०२१

ताई,

रागावलो आहे. दोन दिवस तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. खरं तर चाळीस वर्षांत मलाही त्याला एक पत्र टाकता आलं असतं, हे त्या दोन दिवसांत कळलं.

एकशेचाळीस जणांना दुरुस्तीचा कागद पाठवायचा आहे. मी लिहून पाहिला, काही गैरसमजामुळे वगैरे. निशिगंधानं वाचला आणि परत दिला. तूच लिही. मी इंग्रजीत करून पाठवीन.

तुझाच, रागावलो तरी
शशी

*

हूफडॉर्प
१३ जून २०२१

चि. शशीस,

रागावलास ते योग्यच. निशिगंधाला माझे आशीर्वाद आधी दे, तुझे नंतर. मजकूर खाली आहे. इंग्रजीत नेताना एकही शब्द मऊ करू नकोस. वय, आजार, लॉकडाउन, यांतलं काही मध्ये घालू नकोस. पहिला कागद तुमच्या कॅप्टनला जाऊ दे. खाली माझं नाव आणि घरचा पत्ता घाल, म्हणजे ज्यांना काही बोलायचं असेल ते मला बोलतील. यानेकेला वाचून दाखवला आहे. तिनं एवढंच सांगितलं, की वडिलांचं नाव पूर्ण लिही.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
ताई

या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य खोटं आहे. ते लेखकाचं नाही, माझं आहे. वाउटर यान हाविंगा १९८१ च्या हंगामाबद्दल बोलायला तयार होते. चार महिने दर गुरुवारी त्यांनी त्यासाठी दुपार राखून ठेवली होती. मला फक्त फोन करायचा होता. तो मी गर्वापायी केला नाही, आणि भावाला सांगितलं की त्यांनी नकार दिला. ते टोलीडोहून का गेले हे आता कुणालाच कळणार नाही. कळणार नाही म्हणून कुणी तर्क करू नये. त्यांनी नकार दिला नाही. मी गेले नाही.